करिंथची पंगत: पहिल्या ख्रिस्ती मंडळींचं रोजचं जगणं

चिंचेखाली (धागाकर्ती)

माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, पण वाचता येत होतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी दिवेलागणीला ती ओट्यावर बसायची आणि ओळीखालून बोट फिरवत बायबल मोठ्यानं वाचायची. 'करिंथकरांस पहिले पत्र', म्हणजे येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलानं करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र, त्यातला अकरावा अध्याय आला की बोट थांबायचं. "बघ, हितंबी पंगतीचंच भांडण," असं म्हणून ती पुढं वाचायची. तिला असं का वाटायचं ते मला कळायला बरीच वर्षं गेली. आमच्या गावात मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा गट, एकच, पण हंगामाच्या उपासनेनंतरच्या जेवणात दोन वाड्यांची माणसं आपसूक दोन ओळींत बसायची. आजीनं ते लहानपणापासून पाहिलं होतं.

पहिले ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आखाडा आणि सिंह येतात. छळ झाला, माणसं मेली, त्याबद्दल दुमत नाही. पण पहिली अडीचशे वर्षं तो अधूनमधून, आज या शहरात तर उद्या त्या प्रांतात असा होत होता. रोजची परीक्षा ताटावर होती: कोणाशेजारी बसायचं, पुढ्यात आलेलं खायचं की नाही, शिधा कोणी आणायचा, मागून येणाऱ्याला काय उरणार. इतकी वर्षं हे वाचून माझं मत असं झालंय की त्या मंडळींचं खरं शौर्य आणि खरी लाज, दोन्ही त्यांच्या जेवणात दिसतात.

करिंथ हे शहर समजून घेतलं की पत्र उलगडतं. जुनं ग्रीक करिंथ रोमन सेनापती मुम्मिउसनं इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. जवळजवळ शंभर वर्षांनी, इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरनं तिथं नवी वसाहत बसवली आणि तिच्यात मुक्त झालेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यावरचं गाव. पश्चिमेला लेखेयन बंदर, पूर्वेला किंख्रिया. सगळा माल इथून जायचा. घराण्याची जुनी पुण्याई कोणाकडेच नाही, त्यामुळं पैसा आणि मान मिळवायची धडपड फार. इ. स. ५०च्या सुमारास पौल तिथं आला. क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपंही नुकतंच तिथं येऊन राहिलं होतं. तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. पौल त्यांच्याकडेच राहिला आणि दीड वर्ष त्या गावात काढलं. गल्लियो तिथं रोमन सुभेदार असताना पौलाला त्याच्यापुढं उभं केलं गेलं. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळं गल्लियोचा काळ इ. स. ५१-५२च्या आसपास पक्का ठरतो. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा लावायला हाच मोठा आधार आहे.

मंडळी जमायची कोणाच्या तरी घरी. देऊळ नाही, सभागृह नाही. पौलाच्याच 'रोमकरांस पत्र' यात शेवटी करिंथच्या गायसचं नाव येतं, सगळ्या मंडळीचा पाहुणचार करणारा माणूस. म्हणजे त्याचं घर ऐसपैस असणार. पण ऐसपैस रोमन घरातही जेवणाच्या खोलीत तीन आसनं मांडलेली आणि त्यांवर साधारण नऊच माणसं लवंडून जेवणार. उरलेली? बाहेरच्या चौकात. रविवार हा सुटीचा दिवस नव्हता. गुलाम, हमाल, गोदीतली माणसं धन्याचं काम उरकून अंधार पडल्यावर येणार. तोवर आतल्या नऊ जणांचं जेवण होऊन प्यालेही रिकामे झालेले. पौल लिहितो, एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. मग विचारतो, तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत काय? ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय?

'लाजवता' या शब्दापाशी आजीचं बोट थांबायचं.

पौलानं उपाय सांगितला तो अगदी साधा. एकमेकांची वाट पाहा. एवढंच.

ज्यांनी या काळाबद्दल वाचलंय त्यांनी भर घालावी. श्रद्धा असो-नसो, सगळ्यांचं स्वागत.

ओसरी

फार आवडलं. मी ख्रिस्ती नाही, पण लग्नात 'घरच्यांची' पंगत आणि 'बाकीच्यांची' पंगत पाहतच मोठी झाले, त्यामुळं तो चौक लगेच दिसला. एक प्रश्न आहे. हा भेद करिंथमधल्या ख्रिस्ती लोकांचाच दोष होता, की त्या समाजात तशीच रीत होती?

तळटीप

रीतच होती. धाकटा प्लिनी या रोमन अधिकाऱ्याचं एक पत्र आहे. तो एका यजमानाकडे जेवायला गेला. यजमानानं स्वतःपुढं आणि मोजक्या पाहुण्यांपुढं उत्तम पदार्थ मांडले, बाकीच्यांना साधंसुधं. दारूसुद्धा छोट्या सुरयांतून तीन प्रतींची: एक स्वतःला आणि प्लिनीसारख्यांना, एक खालच्या दर्जाच्या मित्रांना, एक मुक्त झालेल्या गुलामांना. शेजारच्यानं प्लिनीला विचारलं, तुमच्याकडे काय करता? प्लिनी म्हणाला, मी सगळ्यांना एकच वाढतो, जेवायला बोलावतो, पायरी दाखवायला नाही. मग तुमच्या मुक्त गुलामांनाही? हो, जेवताना ते माझे सोबती. आणि खर्च? ते माझी दारू पीत नाहीत, मी त्यांची पितो, असं त्याचं उत्तर.

म्हणजे गायसच्या घरी जे झालं ते कोणत्याही प्रतिष्ठित रोमन घरी झालं असतं. नवल याचं की कोणीतरी पत्र लिहून त्यांना त्याबद्दल खडसावलं.

दुसरा मुद्दा थोडा विरोधात आहे. एकत्र जेवणं, वर्गणी काढणं, एकमेकांना पुरणं ही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी नव्हती. रोमजवळच्या लानुवियमला इ. स. १३६ चा एक शिलालेख आहे, डायाना आणि अँटिनोउस या दैवतांच्या भक्तमंडळाची नियमावली. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक रांजण. महिना वर्गणी ५ आस (सेस्टर्स आणि आस ही रोमन नाणी, आस छोटं). सभासद मेला तर अंत्यविधीला ३०० सेस्टर्स. भोजनाच्या दिवशी ज्याची पाळी त्यानं चांगल्या दारूचा एक रांजण, माणशी दोन आसांचा पाव आणि चार सार्डिन मासळ्या आणायच्या. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन गोंधळ घातला तर ४ सेस्टर्स दंड, शिवीगाळ केली तर १२. गुलामही सभासद होऊ शकत होते. आपल्याकडच्या भिशी आणि फंडांसारखंच वाटतं. तेव्हा पहिल्या ख्रिस्ती मंडळीही बाहेरून अशाच दिसत असणार.

चिंचेखाली

तळटीप, लानुवियमच्या चार मासळ्यांबद्दल मनापासून आभार. मुद्दा मान्य. मंडळी बाहेरून तशीच दिसत असणार, हे कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन यालाही माहीत होतं. इ. स. १९७च्या सुमारास तो लिहितो की आमच्याकडेही पेटी आहे, पण ती प्रवेश फीची नाही. महिन्यातून एकदा, ज्याची इच्छा आणि ऐपत असेल त्यानं टाकावं, सक्ती कोणावर नाही. तो पैसा मेजवान्यांवर जात नाही. तो गरिबांना खाऊ घालायला आणि पुरायला, अनाथ मुलांना, घरात म्हाताऱ्या झालेल्या नोकरांना, जहाज फुटलेल्यांना, खाणीत आणि तुरुंगात असलेल्यांना जातो.

फरक मला इथं दिसतो. लानुवियममध्ये वर्गणी थकली की हक्क गेला. मंडळीत ज्यानं कधीच काही टाकलं नाही तोही पेटीचा धनी. इ. स. २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेलियस आपल्या मंडळीचा हिशेब देतो: ४६ वडील (म्हणजे मंडळीचे पुढारी), ७ सेवक (हेही मंडळीतलं पद), ७ उपसेवक, ४२ मदतनीस आणि १५००हून जास्त विधवा व गरजू. पोसायची माणसं दीड हजार! आणि हे लिहिलंय छळाची एक लाट नुकतीच येऊन गेल्यावर.

मुक्काम_वसई

आमच्याकडे कॅथलिक परंपरेत प्रभूची भाकर, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत घेतात ती, पातळ पांढऱ्या चकतीएवढी असते. लहानपणी मला वाटायचं पहिल्यापासून असंच असणार. पुढं कळलं की मुळात ते पोटभर जेवण होतं. हे बदललं कधी?

चिंचेखाली

एका दिवसात बदललं नाही, हळूहळू झालं. इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक जे वर्णन करतो त्यात रविवारी शहरातले आणि खेड्यातले लोक एकत्र येतात, वाचन होतं, बोध होतो, प्रार्थना होते, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी. पोटभर जेवणाचा उल्लेख तिथं नाही. पण मला जस्टिनची एक गोष्ट फार भावते. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो वाटा घेऊन जात. आजारी, कामावर अडकलेले, कैदेतले असणार. करिंथमध्ये उशिरा येणाऱ्याला उरत नव्हतं. शंभर वर्षांनी न आलेल्याचाही वाटा घरपोच जाऊ लागला.

तर्तुलियनच्या वेळी संध्याकाळचं एकत्र जेवणही चालू होतं, त्यालाच आपल्या बायबलात 'प्रीतिभोजन' म्हटलंय. सिरियात युफ्रेटिस नदीवर दुरा-युरोपोस नावाचं गाव होतं, इ. स. २५६ मध्ये ते इराणच्या ससानी फौजेच्या हल्ल्यात पडलं आणि मातीखाली गेलं. तिथं उत्खननात मंडळीचं घर सापडलं. साध्या राहत्या घरातली मधली भिंत पाडून लांब खोली केलेली, साठ-सत्तर माणसं मावतील अशी, आणि एका टोकाला छोटा ओटा. शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद, भिंतींवर मेंढपाळ आणि पाण्यावर चालणारा येशू. नऊ आसनांचं घर गेलं आणि ओट्याकडे तोंड करून बसायची खोली आली. त्यात कमावलं काय, गमावलं काय, याचा मी बराच विचार करते. भेद कमी झाला असेल, पण समोरासमोर बसून एका ताटातलं खाणंही गेलं.

रानजाई

खाण्याचाच विषय आहे तर मूर्तीच्या नैवेद्याबद्दल कोणीतरी लिहा ना. मराठी बायबलात तो शब्दच 'नैवेद्य' असा आहे, त्यामुळं आमच्यासारख्यांना करिंथकरांच्या पत्रातला तो अध्याय फार जवळचा वाटतो. माझ्या सासरी शेजारणी गणपतीत मोदक आणून देतात. सासूबाई घेतात, मोठ्या जाऊबाई घेत नाहीत. दरवर्षी त्यावरून थोडं कुरकुरणं होतंच.

चिंचेखाली

रानजाई, हाच प्रश्न करिंथकरांनी पौलाला पत्रानं विचारला होता. तिथं गरिबाच्या ताटात मांस क्वचितच पडायचं. पडलं तर सणाला, बळीच्या जनावराचं. उरलेलं मांस बाजारातही येई. शिवाय व्यापारी संघाचं जेवण, मित्राच्या मुलाचा समारंभ, सगळं देवळाच्या आवारात. ते टाळायचं तर गावातून उठायचं. सुखवस्तू लोक म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग मांस म्हणजे मांस. आणि कालपर्यंत जे त्या देवाला भजत होते त्यांचा जीव मात्र कासावीस व्हायचा.

पौलाचं उत्तर दोन्हीकडून आहे. बाजारात मिळतं ते खा, चौकशी करत बसू नका. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण शेजारचा म्हणाला की हे नैवेद्याचं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. आणि माझ्या खाण्यानं माझ्या भावाला ठेच लागत असेल तर मी पुन्हा मांसाला शिवणार नाही, असं तो म्हणतो. म्हणजे तुमच्या सासूबाईही चुकत नाहीत आणि जाऊबाईही. एकमेकींना त्यावरून हिणवलं तर मात्र पौल दोघींना बोलला असता!

याच पौलानं अंत्युखिया शहरात प्रत्यक्ष केफाला, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला, तोंडावर सुनावलं होतं. पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांबरोबर जेवायचा. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तसा तो त्या पंगतीतून मागं सरकला आणि त्याचं पाहून बाकीचे यहुदी, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा, सरकले. पौलाच्या 'गलतीकरांस पत्र' याचा दुसरा अध्याय वाचा. एवढा मोठा प्रेषित, आणि चारचौघांत कोणाबरोबर दिसतो याची त्याला भीती वाटली.

ओसरी

अवांतर: यावरून पुण्याचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवलं. ऑक्टोबर १८९० मध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळी मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. गोपाळराव जोशींनी नावांची यादी छापली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका कपाची केवढी ताकद!

तळटीप

आता प्लिनीकडे परत येतो, कारण वर मी त्याचं कौतुक केलं ते अपुरं राहील. इ. स. ११२च्या सुमारास हाच प्लिनी काळ्या समुद्रालगतच्या बिथिनिया-पोंतस प्रांताचा सुभेदार होता. ख्रिस्ती लोकांचं काय करायचं हे त्यानं ट्राजान बादशहाला पत्रानं विचारलं. त्यांच्याबद्दल काय कळलं तेही लिहिलं: ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात. जेवण मात्र साधं आणि निरुपद्रवी, असं तो मुद्दाम नोंदवतो, कारण हे लोक लहान मुलं खातात अशी अफवा त्या काळात होती. शेवटी समाधानानं लिहितो की देवळं पुन्हा गजबजलीत आणि बळीच्या बाजाराला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागलंय. म्हणजे ख्रिस्ती लोकांनी नैवेद्य टाळल्याचा फटका बाजाराला बसला होता.

आणि हे सगळं खरं की खोटं हे पडताळायला त्यानं दोन गुलाम बायकांचा छळ केला. मंडळीत त्यांना 'सेविका' म्हणत, असं तो स्वतः लिहितो. त्यांची नावं त्यानं दिली नाहीत.

चिंचेखाली

तळटीप, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पौलाच्या पत्रात येणाऱ्या किंख्रियाच्या फिबीलाही मराठी बायबलात 'मंडळीची सेविका' हाच शब्द आहे. आपल्या टेबलावर मुक्त गुलामालाही तीच दारू देणारा सभ्य माणूस, आणि त्याच्यासमोर या दोघी. त्यांच्याकडून त्याला काय कळलं? विचित्र अंधश्रद्धेपलीकडं काही सापडलं नाही, असं तो म्हणतो. ज्या मंडळीत गुलाम बाई पदावर असते, तिथंच खरं सापडण्यासारखं काही होतं, असं मला वाटतं. ते त्याला दिसलं नाही.

ताटाची परीक्षा पुढं सरकारनंच घेतली. इ. स. २५० मध्ये डेसियस बादशहानं हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत, बरेचसे फय्यूम भागातल्या खेड्यांतले. मजकूर साधारण एकच: मी नेहमीच देवांना बळी देत आले, आणि आता तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे बळी दिला, पेय ओतलं आणि नैवेद्य चाखला. खाली सही-साक्ष. एक दाखला तर मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारिणीचा आहे, म्हणजे हुकूम खरंच सगळ्यांना लागू होता. सरकारला पुरावा हवा होता तो जिभेवरचा.

कोणी चाखलं, कोणी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला, कोणी पळालं, कोणी कैदेत गेलं. वर्षभरात लाट ओसरली आणि मग मंडळीपुढं सगळ्यांत अवघड पेच आला: ज्यांनी चाखलं त्यांना प्रभूच्या पंगतीत परत घ्यायचं का? ज्यांची माणसं कैदेत मेली ती म्हणणार, कदापि नाही. कार्थेजमध्ये बिशप सिप्रियननं इ. स. २५१ मध्ये इतर बिशपांना बोलावून मार्ग काढला. ज्यांनी फक्त दाखला घेतला त्यांना पश्चात्तापानंतर आधी घ्यावं, ज्यांनी बळी दिला त्यांना लांब प्रायश्चित्त. रोममध्ये यावरून फूट पडली, दुसरा बिशप उभा राहिला. या वादातले लोक मला बाहेरच्या छळकर्त्यांपेक्षा जास्त ओळखीचे वाटतात.

रानजाई

मला त्या घाबरून चाखणाऱ्यांचंच वाईट वाटतंय. घरात लहान मुलं असतील तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मोदकांच्या कुरकुरीबद्दल सासूबाईंना आणि जाऊबाईंना हा धागा वाचून दाखवला. दोघी गप्प झाल्या.

मुक्काम_वसई

आमच्याकडे शहीदांची नावं सांगतात, पण अशा घरगुती गोष्टी कमी सांगतात. आणखी काही असेल तर लिहा.

चिंचेखाली

दोन गोष्टी लिहिते.

पहिली पुन्हा करिंथचीच. पौलानंतर साधारण चाळीस वर्षांनी तिथं पुन्हा भांडण झालं, वडिलांना पदावरून काढलं, आणि रोमच्या मंडळीनं त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. क्लेमेंतचं पत्र म्हणून ते ओळखलं जातं. त्यात जाता जाता एक वाक्य येतं: आमच्यातल्या पुष्कळांनी स्वतःला गुलाम म्हणून विकलं आणि आलेल्या पैशात दुसऱ्यांना खाऊ घातलं. त्यावर पुढं काही नाही, पत्र दुसऱ्या विषयाकडे वळतं. मी मात्र दर वेळी तिथं अडते.

दुसरी आफ्रिकेतली, किर्ता गावची, म्हणजे आज अल्जीरियातलं कॉन्स्टंटाइन. १९ मे ३०३ रोजी शहराचा अधिकारी मंडळीच्या घरी आला. डायोक्लेशियन बादशहाचा हुकूम होता, शास्त्राची पुस्तकं जप्त करा. बिशप आणि सेवक समोर बसलेले, कारकून यादी लिहितोय. ती यादी पुढं एका खटल्याच्या कागदपत्रांत राहिली. सोन्याचे प्याले २, चांदीचे ६, दिवे, समया. मग: बायकांचे झगे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे झगे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे जोड १३, बायकांचे ४७. गरिबांना द्यायला साठवलेले कपडे, कोणाच्या मापाचे ते आकड्यांवरूनच कळतं. ग्रंथांची कपाटं रिकामी निघाली, पुस्तकं वाचकांच्या, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरी होती. मग अधिकारी घरोघर फिरला. शिंपल्या-दगडांची नक्षी करणाऱ्या फेलिक्सनं ५ दिली, व्हिक्टर मास्तरांनी २ आणि ४ सुट्ट्या वह्या. एक वाचक घरी नव्हता, त्याच्या बायकोनं ६ पुस्तकं आणून दिली. अधिकाऱ्यानं विचारलं, आणखी नाहीत ना? ती म्हणाली, असती तर दिली असती. घराची झडती घेतली. काही सापडलं नाही.

यादीत शेवटी जेवणाची खोलीही येते. करिंथपासून अडीचशे वर्षांनी, समुद्रापलीकडे, मंडळीच्या घरात जेवणाची खोली अजून होती. कारकुनानं आत डोकावून लिहिलंय: तिथं ४ रांजण सापडले.